उभ्या गाडीचं बोलणं

लोटनआप्पा कानांनी जवळजवळ बहिरे होते, आणि सुरतेच्या उधन्यात इंजिनाचा आवाज त्यांच्याइतका कुणाला कळत नसे. हे मी कुणालाही सांगितलं की लोक आधी हसतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही हसलो होतो. खरं तर ती वेळ माझी हसण्याची नव्हती, कारण माझी गाडी चौथ्या मिस्त्रीच्या हातून परत आली होती आणि तरीही प्रत्येक चौकात मरत होती.

मी तेव्हा उधन्यातल्या एका प्रोसेस हाउसात डाईंग मास्टर होतो. मूळचा परभणीकडचा. सुरतेला मला रंगांनी ओढून आणलं असं मी म्हणायचो, पोटाने आणलं असं शैला म्हणायची. कामात मी फार मोठा कुणी नव्हतो, पण एक ताठा होता. व्यापारी शेड-कार्ड नाचवत यायचे, "मास्टर, मॅच छे, हा पाडी दो ने," म्हणून होकारासाठी गळ घालायचे. पण रंगवलेला लॉट कार्डाशी जुळत नसेल तर तो जुळतो असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही. बाकी आयुष्यात मी सोयीचं बरंच बोललो असेन, रंगाच्या बाबतीत नाही.

गाडी घ्यायचा हट्ट शैलाचा. प्लेगच्या साथीत सगळी सुरत गाव सोडून पळाली, तेव्हा लहान मुलीला घेऊन आम्ही स्टेशनात दिवसभर उभे होतो आणि आत पाय ठेवायला जागा मिळाली नव्हती. ते शैलाच्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या वर्षी नवसारीच्या एका दलालाकडून मी एक जुनी छोटी गाडी घेतली. मूळचा रंग झाकून वर पांढरा मारलेला होता. कडेच्या पोपड्यातून खालचा मोहरीचा पिवळा डोकावत होता, आणि रंगाचा माणूस असून मी दाराच्या आतल्या बाजूला बघितलंच नाही. सोनाराने पितळ सोनं म्हणून घ्यावं, तसं झालं.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. रस्त्यावर धावताना तक्रार नाही, पुलावर चढताना नाही. पण सिग्नलला, फाटकाला उभी केली की धाप लागल्यासारखी करायची. मिसिंग, धक्के, काळा धूर, आणि मग गप्प. रोज नाही, हेही वर. मिस्त्रीला दाखवायला न्यावी तर शहाण्या सुनेसारखी वागायची. प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली. शेवटी कुणीतरी म्हणालं, लोटनआप्पांकडे जा, तो बहिरा मिस्त्री, आणि मी हसलो.

लोटनआप्पांचं गॅरेज म्हणजे पॉवरलूमच्या शेडला टेकवलेलं पत्र्याचं छप्पर. शेजारी ठाकोरभाईंचं लेथचं दुकान. पहिल्यांदा मी गाडी गल्लीत घातली तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं बोलता बोलता थांबली. बॉबिनची टोपली घेऊन चाललेल्या दोन बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. ठाकोरभाईंनी लेथ बंद केलं. मला वाटलं, गाडी बरी दिसते आहे लोकांना. मी जरा छाती काढूनच उतरलो.

लोटनआप्पा पन्नाशीचे, उंच, वाकलेले, डोक्यावर धाग्याचा पांढरा भुरा बसलेला. त्यांनी गाडीच्या नंबराकडे पाहिलं, पांढऱ्या रंगाकडे पाहिलं. मी घाईघाईने सगळा आजार सांगितला.

"मास्टर, मनाकडे तोंड करीसन बोला," ते म्हणाले. त्यांच्या खानदेशी अहिराणीत मना म्हणजे माझा आणि तिना म्हणजे तिचा.

वीस वर्षं ते मागांवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मागांच्या खडखडाटात कान गेले, आणि त्याच खडखडाटात ओठ वाचायची सवय लागली. खानदेशची ही सगळीच मंडळी शेडमध्ये ओठांनी बोलतात. गॅरेज काढल्यावरही त्यांना माणूस समोर तोंड करून लागायचा. पाठमोरा कुणी बोललेला त्यांच्या लेखी बोललेलाच नसे.

इंजिनाचं मात्र तोंड बघायची गरज नव्हती. त्यांच्याकडे एक जुना धोटा होता. मागावरचा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला, हातभराहून थोडा कमी. चालू इंजिनाला ते त्याची एक अणी टेकवायचे आणि लाकूड मधोमध दातांत धरायचे. डोळे मिटायचे. धोट्यावर त्यांच्या दातांच्या खाचा पडल्या होत्या. आवाज दाढांतून कवटीत जायचा आणि तिथे काय उजेड पडायचा तो पडायचा. इतर मिस्त्री आल्या आल्या ॲक्सिलरेटर पिळून इंजिन बोंबलायला लावायचे. आप्पांना ते मुळीच खपत नसे.

"धावती गाडी खोटं बोलस," ते म्हणायचे. "उभी ऱ्हायनी का खरं बोलस. उभी राहू द्या तिले."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. माणसांनाही लावायचे.

बारीक काम ते फक्त आमच्या भागाच्या वीज-सुट्टीच्या वारी करायचे. त्या दिवशी सगळे माग बंद असत. एरवी मागांची थरथर जमिनीतून गाडीत आणि गाडीतून धोट्यात यायची. "माग चालू ऱ्हायना का दाढा खोट्या पडतस," म्हणायचे. म्हणून माझी गाडी आठवड्यातून एकदा, त्या शांत दिवशी, त्यांच्यापुढे उभी राहू लागली. मलाही त्या दिवशी सुट्टी. मी स्टुलावर बसून बघत असे.

कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकात, ते कधी तार घालत नसत. तारेने भोक मोठं होतं आणि मग इंजिन जन्मभर जास्त पितं. केरसुणीची काडी आणि फुंकर, एवढीच हत्यारं. पॉइंटचं अंतर पोस्टकार्डाच्या तुकड्याने. गॅस्केटच्या कडेने ड्रॉपरने पेट्रोलचे थेंब सोडायचे आणि दातांतल्या धोट्याने ऐकायचे: थेंबासरशी इंजिनाची चाल बदलली तर तिथून हवा घेतंय. एकेक प्लगची वायर काढून बघायची, कोणती काढली तरी फरक पडत नाही, तोच सिलिंडर आधीपासून झोपलेला. फ्लोटची पातळी, सुई, चोकची पट्टी. एखाद्या वैद्याने नाडी धरावी तसं सगळं सावकाश. आणि एवढं करून गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देताना "झाली" असं कधी म्हणायचे नाहीत.

"आतेपुरती बरी शे."

यावरून लोक चिडायचे. एक शेठ तर हमरीतुमरीवर आले होते. "लोटनभाई, रिपेर करी के नहीं करी?" आप्पांनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि तेच म्हणाले, आतेपुरती बरी शे. शेठ गाडी घेऊन गेले आणि दोन वर्षं परत आले नाहीत, म्हणजे बरीच असणार.

दुसरं भांडण फडक्यावरून व्हायचं. उधन्यात, लिंबायतला, जिथे माग तिथे हवेत धाग्याचा भुरा. एअर क्लीनरचा कागदी फिल्टर पंधरा दिवसांत चोंदतो. मग लोक काय करायचे, तो फिल्टरच काढून टाकायचे आणि झाकणाखाली कार्ब्युरेटरच्या तोंडावर साडीचं फडकं दुहेरी करून बांधायचे. साड्यांच्या गावात फडक्यांना काय तोटा! त्या भागातल्या निम्म्या गाड्या अशा तोंड बांधून फिरायच्या. आप्पा बॉनेट उघडलं की आधी ते फडकं फाडून काढायचे. विचारायचे नाहीत, सांगायचे नाहीत. एकदा एका रिक्षावाल्याने त्यांचा हात धरला, तर या मऊ माणसाने त्याला ढकलून दिलं. "श्वास घेऊ दे ना तिले!" म्हणून ओरडले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झाला ते कळत नाही. सगळी गल्ली बाहेर आली. रिक्षावाला तर फडक्याविनाच पळाला.

मला तो तऱ्हेवाईकपणा वाटला. कारागीर माणूस, एखादा कीडा डोक्यात असायचाच.

माझी गाडी मात्र बरी होईना. आठ-दहा वार झाले. कार्ब्युरेटर त्यांनी वरून किती वेळा उघडला, धुतला, पुसला. दोन दिवस बरी चालायची आणि तिसऱ्या दिवशी फाटकात मरायची. आश्चर्य म्हणजे त्यांचा धीर सुटत नव्हता. उलट मी एखाद्या आठवड्याला गेलो नाही तर ते चालत माझ्या कंपनीच्या गेटवर यायचे. "मास्टर, गाडी आनी नही?" चालतच, कारण गाडीत ते कधी बसत नसत. ट्रायललाही मलाच पाठवायचे आणि स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे.

एकदा आप्पा सामान आणायला गेले होते तेव्हा ठाकोरभाई माझ्या शेजारी येऊन बसले. हात पुसत राहिले. मग म्हणाले, "मास्टर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं. आ गाडी मारी हती. ही माझी होती."

त्या दिवशी मला कळलं की त्या गल्लीत ती गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती, मी सोडून.

आप्पांच्या बायकोचं नाव इंदूबाई. बॉबिन भरायचं काम करायची. भुऱ्याने छाती धरली होती, दमा. तोंडाला पदराची चिंधी बांधून कामाला बसायची. ठाकोरभाईंच्या गाडीचा फिल्टर सारखा चोंदायचा म्हणून आप्पा कुरकुरत होते, तेव्हा ती म्हणाली, "आमी तोंडले फडकं बांधतस, मंग गाडीले काबर नही?" आणि आपल्या जुन्या मोरपंखी साडीचा तुकडा दातांनी फाडून दिला. आप्पांनी तो बांधला. गाडी झकास चालली. गल्लीत सगळ्यांनी ती युक्ती उचलली.

म्हणजे ती प्रथा या घरातून निघालेली होती.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी इंदूबाईंना मोठी धाप लागली. ठाकोरभाईंनी गाडी काढली. मागे इंदूबाई, त्यांच्या शेजारी आप्पा. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. इंजिन उभ्या उभ्या धक्के देऊ लागलं, आणि गेलं. पुन्हा सुरू होईना.

"लोटनभाई उतरला आणि बॉनेट उघडलं," ठाकोरभाई म्हणाले. "में कह्युं, आपण त्यांना उचलून चालत फाटक ओलांडू, पलीकडे रिक्षा उभ्या आहेत. तो म्हणाला, दोन मिनिटं. मिस्त्री माणूस ना, मास्टर. इंजिन बंद पडलं की त्याला दुसरं काय दिसणार?" फाटक उघडलं, मागच्या गाड्या बाजूने निघून गेल्या. आप्पांनी फडकं सोडलं, चोक पाहिला, प्लग पुसले. डोकं वर काढलं तोवर इंदूबाई गेल्या होत्या. पाठमोऱ्या आप्पांना त्यांनी हाक मारली असेल, तर ती त्यांना ऐकू जाणार नव्हती.

ठाकोरभाईंनी आठवड्यात गाडी विकून टाकली. सोडलेल्या फडक्याचा एक कोपरा नव्हता. तो इंदूबाईंच्या दातांनीच तसा फाटला होता, की इंजिनाने आत ओढला होता, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि कळायच्या आत गाडी गेली. चार वर्षांनी मी तिला पांढऱ्या रंगात त्यांच्याच दारात आणून उभी केली होती, छाती काढून.

मी घरी गेलो आणि शैलाला काही सांगितलं नाही. मला त्या गाडीत बसवेना. मागची सीट आरशात दिसायची, म्हणून मी आरसा वाकडा केला. मुलगी मागे बसायला गेली की पुढे ये म्हणून ओरडायचो. मग एके दिवशी शाळेतून तिला आणताना त्याच फाटकात गाडी धापा टाकू लागली. मी मागे वळून पाहिलं. मुलगी पुढे, माझ्या शेजारी बसलेली होती, हे मला माहीत होतं, तरी वळून पाहिलं. गाडी बंद पडली. मी मुलीला उचललं आणि गाडी तशीच टाकून चालत घरी आलो.

"भंगारात द्या ती," शैला म्हणाली. मी होकार दिला.

पुढच्या सुट्टीच्या वारी मी आप्पांना सांगायला गेलो. गाडी ढकलत आणून तिथेच ठेवली होती. त्यांच्याकडे तोंड करून म्हणालो, "आप्पा, उद्या भंगारवाला येतोय."

त्यांनी माझे ओठ वाचले. एकदा वाचले, मग पुन्हा सांगा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

ते उठले आणि पान्हा घेतला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या आठवड्यांत त्यांनी कार्ब्युरेटर दहा वेळा उघडला होता, पण बुडापासून एकदाही उचलला नव्हता. खालचे नट तसेच गंजलेले होते. इतका मोठा कारागीर, आणि तिथे हात लावला नव्हता. 

नट सुटायला वेळ लागला. कार्ब्युरेटर उचलून त्यांनी बाजूला ठेवला आणि खालच्या तोंडात डोकावले. मग धोटा बाजूला ठेवून दोन बोटं आत घातली. गॅस्केटच्या कडेला एक तुकडा अडकून चिकटला होता. नखाएवढा नाही, रुपयापेक्षा थोडा मोठा. एक कड फटीत शिरलेली, बाकीचा सुटा. गाडी उभी आणि इंजिन चालू असलं की आतली ओढ जोराची असते. त्या ओढीने तो तुकडा उठून आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीला पेट्रोल पुरवणाऱ्या, भोकावर बसायचा. गाडी धावू लागली की ओढ कमी होऊन तो खाली पडायचा. सगळं दुखणं एवढंच होतं. काजळीने तो काळाठिक्कर झाला होता.

आप्पांनी तो तळहातावर घेऊन उन्हात धरला. त्यांचे डोळेही आताशा अधू झाले होते. हात माझ्यापुढे केला.

"मास्टर, तुमी रंगना मानूस. हाऊ रंग कोनता शे?"

मी तुकडा हातात घेतला. गॅस्केटच्या फटीत शिरलेल्या कडेला काजळी पोचली नव्हती. तिथे तीन-चार धागे स्वच्छ होते. मोरपंखी. निळ्याकडे जरा जास्त झुकणारा, जुन्या लॉटचा. कुठल्याही उजेडात मी ओळखला असता.

आप्पा माझ्या ओठांकडे बघत होते.

"डोकं तिनं व्हतं, फडकं तिनं," ते हळू म्हणाले. "हात मना. मना दोष शेच, मास्टर, तो मी कोनले देत नही. पन तिना नको."

"कोरं कापड आहे, आप्पा," मी म्हणालो. "रंग लागलेलाच नाही याला. इथे सगळेच फडकी बांधतात, दुसऱ्या कुणी मिस्त्रीने नंतर बांधलेलं असेल."

"कोरं?"

"कोरं."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी तुकडा माझ्या हातातून घेतला आणि वळले. मला तिथे थांबवेना. मी टपरीवर गेलो आणि दोन चहा प्यायलो. आयुष्यात पहिल्यांदा मी रंग खोटा सांगितला होता.

परत आलो तेव्हा गाडी चालू होती. मला ते कळलंच नाही, इतकी शांत. बॉनेटवर हात ठेवला तेव्हा समजलं. आप्पांनी धोटा दातांत धरला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग मागचं दार उघडून आत बसले.

"फाटकपर्यंत लई चला मले," म्हणाले.

फाटक बंद होतं. मी इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. वाकडा केलेला आरसा सरळ केला. आप्पा सीटच्या एका कडेला अंग चोरून बसले होते, बाजूला जागा सोडून. त्यांचा तळहात त्या रिकाम्या जागेवर पसरलेला होता. इंजिन एका लयीत चाललं होतं. मालगाडी आली, डबे संपता संपेनात, तरी चाललं होतं.

"चालू शे वं," आप्पा म्हणाले.

मला वाटलं माझ्याशीच बोलले. पण खानदेशात "वं" पुरुषाला म्हणत नाहीत. आणि ते माझ्याकडे तोंड करूनही बोलले नव्हते.

फाटक उघडलं. आप्पा तिथेच उतरले आणि पुढे येऊन माझ्या खिडकीशी उभे राहिले. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, आतेपुरती बरी शे.

"झाली, मास्टर," ते म्हणाले.

मग रुळांच्या कडेने लिंबायतच्या बाजूला चालू लागले. दहा-वीस पावलं गेल्यावर थांबले, शर्टाच्या वरच्या खिशातून कागदाची घडी काढली आणि उघडून उन्हात धरली. तुकडा त्यांनी पेट्रोलमध्ये धुतला होता. काजळी पार निघाली होती. इतक्या लांबून, काचेतून, मला तो मोरपंखी लखलखीत दिसला. त्यांनी घडी पुन्हा नीट घातली, खिशात ठेवली, वर हात ठेवला आणि मागे न बघता चालत राहिले.

माझ्यामागे हॉर्न वाजत होते. कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत शिव्या घालत होतं. मला गिअर टाकता येईना. गाडी फाटकात उभी होती, आणि चालू होती.